१९१७ चे एर्फुर्ट पी.०८ : खरेदी, तपासणी आणि पुढचे काम

पहिल्या महायुद्धातील जर्मन लष्करी पिस्तुलांच्या माझ्या संग्रहात जर्मनीतील एर्फुर्टच्या सरकारी शस्त्रशाळेत घडलेल्या पी.०८ ची, म्हणजे ल्यूगर पिस्तुलाची, जागा बराच काळ रिकामी होती. ती आता भरली आहे. ओहायोतील एका दिवंगत संग्राहकाच्या वारसांकडून हे पिस्तूल मला मिळाले. ते विकत घेण्यापूर्वी मी काय पाहिले आणि कोणत्या पुराव्याला किती वजन दिले, याची नोंद येथे करत आहे, कारण एर्फुर्टच्या पिस्तुलाची पारख डीडब्ल्यूएम या दुसऱ्या उत्पादकाच्या पिस्तुलापेक्षा थोडी वेगळी करावी लागते.

गेऑर्ग ल्यूगर यांच्या रचनेचे ९ मि.मी. पिस्तूल जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारले. सुरुवातीला बर्लिनची डीडब्ल्यूएम कंपनी ते बनवत असे आणि १९११ पासून एर्फुर्ट येथेही त्याचे उत्पादन सुरू झाले, ते १९१८ पर्यंत चालले. एर्फुर्टच्या पिस्तुलावर टॉगलच्या (पिस्तुलाच्या वरच्या, गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याच्या) पुढच्या दुव्यावर मुकुट आणि त्याखाली कारखान्याचे नाव असते, तर चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) वर वर्ष कोरलेले असते. माझ्या पिस्तुलावर ही दोन्ही चिन्हे ठळक आहेत. मात्र नवशिक्या खरेदीदाराची नजर सर्वांत आधी तिथेच जाते, हे बनावट करणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून मी तपासणीची सुरुवात तिथून करत नाही.

मॅगझिन काढून आणि चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करून मी सर्वप्रथम अनुक्रमांक जुळतात का ते पाहिले. लष्करी पी.०८ मध्ये चार आकड्यांपर्यंतचा क्रमांक असतो आणि दहा हजारांची मालिका संपल्यावर त्याला वळणदार लहान अक्षर जोडलेले असते. हा पूर्ण क्रमांक सांगाड्याच्या पुढच्या भागावर आणि नळीच्या खालच्या बाजूला असतो, तर ट्रिगर, बाजूची पट्टी, सेफ्टीचा खटका, टॉगलचे दुवे, एक्स्ट्रॅक्टर (झाडलेले काडतूस ओढून काढणारा भाग) अशा सुट्या भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. या पिस्तुलात ते सगळीकडे जुळले, आणि अक्रोडाच्या लाकडी ग्रिपच्या आतल्या बाजूलाही तेच दोन आकडे सापडले.

परंतु जुळणारे आकडे हा माझ्या मते अर्धाच पुरावा आहे. दुसऱ्या पिस्तुलातून भाग काढायचा, त्यावरचा आकडा घासून टाकायचा आणि हवा तो आकडा ठोकायचा, हा उद्योग अनेक दशके चालू आहे, कारण सर्व क्रमांक जुळणाऱ्या पिस्तुलाला बरीच जास्त किंमत येते. एर्फुर्टच्या बाबतीत सुदैवाने एक अधिक भक्कम साक्षीदार उपलब्ध असतो. तिथल्या निरीक्षकांनी जवळपास प्रत्येक भागावर, अगदी लहानसहान भागांवरसुद्धा, मुकुटाखाली एक अक्षर अशा स्वरूपाचा आपला शिक्का मारलेला आहे. डीडब्ल्यूएमच्या सुट्या भागांवर असे शिक्के फार थोडे दिसतात. त्यामुळे डीडब्ल्यूएमचा भाग एर्फुर्टच्या सांगाड्यात बसवून त्यावर योग्य आकडा ठोकला, तरी तो मुकुट नसल्याने उघडा पडतो. आणि मुकुट बनावट ठोकलाच, तर इतक्या बारीक शिक्क्याच्या रेषा भिंगाखाली बहुधा फसतात.

सेफ्टीच्या खटक्यापाशी मी सर्वाधिक वेळ थांबलो. दहापट भिंग लावून आणि दिवा जवळजवळ आडवा धरून पाहिल्यावर मूळ शिक्क्याच्या खोलगट भागात जुना, घट्ट बसलेला काळसर मळ दिसला, कडा वापराने किंचित मऊ झालेल्या दिसल्या आणि आकड्यांभोवतीचा पृष्ठभाग सपाट होता. आकडा घासून पुन्हा ठोकलेला असता, तर तिथे उथळ खळगा पडला असता आणि आडव्या प्रकाशात त्याची सावली लपली नसती. एका प्रदर्शनात मी दुसरे एक एर्फुर्ट पिस्तूल नेमक्या अशाच खळग्यामुळे नाकारले होते.

मुलाम्याची परीक्षा मला त्याहून रोचक वाटते. त्या काळातील निळसर मुलामा गंज नियंत्रित रीतीने चढवून तयार केला जात असे. तो पातळ असतो आणि कडांवरून, मुठीच्या पुढच्या पट्टीवरून हळूहळू करडा किंवा जांभळट तपकिरी होत जातो. नळीच्या तोंडाचा सपाट भाग मुलाम्याविना पांढरा राहतो. पुढे माउझर कारखान्याने १९३७ च्या सुमारास क्षारांच्या गरम द्रावणाची पद्धत घेतली, आणि आजचे कारागीरही बहुधा तीच वापरतात; तिच्यात बुडवलेला भाग आतूनबाहेरून एकसारखा काळानिळा होतो. माझ्या पिस्तुलाच्या नळीचे तोंड पांढरे आहे आणि मुठीचा आतला भागही. ट्रिगर, सेफ्टीचा खटका आणि मॅगझिनचा खटका उष्णता देऊन गवतासारखे पिवळे केलेले असत. येथे तो रंग बराच विटला असून फक्त आडोशाच्या कोपऱ्यांत शिल्लक आहे, आणि मला तो तसाच हवा होता, कारण नव्याने चढवलेला पिवळा रंग नारिंगी आणि चकचकीत दिसतो.

युद्धाच्या उत्तरार्धातील एर्फुर्टच्या कामात घाई दिसते. सांगाड्यावर यंत्राच्या हत्याराचे ओरखडे राहिलेले असतात आणि ते माझ्याही पिस्तुलावर आहेत. काही जण त्यांना दोष मानतात. १९१७ चे एर्फुर्ट आरशासारखे गुळगुळीत असेल, तर माझा संशय उलट वाढतो. कोणीतरी ते नंतर घासून पॉलिश केले असण्याची शक्यता मोठी असते.

वारसांच्या मते हे पिस्तूल त्यांच्या पणजोबांनी, म्हणजे दिवंगत संग्राहकाच्या आजोबांनी, जर्मनीतील कोब्लेंझमधील अमेरिकी सैन्याच्या वास्तव्यानंतर मायदेशी आणले. अमेरिकी सैन्य तिथे १९२३ च्या जानेवारीपर्यंत होते, त्यामुळे ही कथा अशक्य नाही. पिस्तुलावर वायमार काळातील, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या काळातील, ‘१९२०’ हा मालकी शिक्का नाही आणि अमेरिकेत आयात झालेल्या मालावर मारलेले मूळ देशाचे नावही नाही. दोन्ही गोष्टी कथेशी सुसंगत आहेत. तरीही लेखी कागद नसल्याने कथेसाठी मी वेगळी किंमत मोजली नाही. मुठीच्या पुढच्या पट्टीवर तुकडीचा शिक्का नाही, याचे मला समाधानच वाटले, कारण युद्धाच्या उत्तरार्धात असे शिक्के मारण्याची पद्धत बंद पडली होती आणि १९१७ च्या पिस्तुलावर तो असता, तर मला त्याचा खुलासा शोधावा लागला असता.

व्यवहार माझ्या संग्राहक परवान्यावर, म्हणजे अमेरिकी संघीय कायद्यातील टाइप ०३ वर झाला आणि नोंदवहीत त्याच दिवशी नोंद केली. भारतातील संग्राहकांनी यावरून तिथले नियम ठरवू नयेत. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो आणि ९ मि.मी. पिस्तुले सामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत.

हे पिस्तूल मी झाडणार नाही. एक्स्ट्रॅक्टर तुटला, तर जुळणाऱ्या क्रमांकाचा भाग पुन्हा मिळणे नाही. सफाईसाठी फक्त मऊ कापड आणि हलके तेल वापरले आहे. ग्रिपवरच्या खोचा तशाच ठेवल्या आहेत.

उणीव एकच आहे: सोबत आलेल्या मॅगझिनचा तळ ॲल्युमिनियमचा, म्हणजे नंतरच्या काळातला आहे. त्या काळाच्या मॅगझिनला लाकडी तळ आणि त्यावर पिस्तुलाचा क्रमांक असे. याच क्रमांकाचे मॅगझिन सापडण्याची अपेक्षा मी ठेवलेली नाही. एर्फुर्टचा मुकुट असलेले, दुसऱ्याच क्रमांकाचे पण अस्सल लाकडी तळाचे मॅगझिन मिळाले, तर ते सोबत ठेवून वेगळे असल्याची नोंद करीन. तसे कोणाकडे असल्यास कृपया तळाचे आणि बाजूंचे छायाचित्र आडव्या प्रकाशात काढून पाठवावे.