हिरव्या पट्टीची शाबासकी

नवे खाते उघडताना पासवर्डच्या चौकटीखाली एक बारीक पट्टी उमटते. एकेक अक्षर टंकावे तशी ती लालाची पिवळी, पिवळ्याची हिरवी होत जाते आणि 'मजबूत' हा शब्द दिसला की गृहपाठाच्या वहीवर शेरा मिळाल्यासारखे मला अजूनही बरे वाटते. ही शाबासकी किती स्वस्त असते, हे मात्र फार उशिरा कळले.

जुन्या धाटणीची पट्टी निव्वळ मोजदाद करते: आठ अक्षरे आहेत का, त्यांत एखादे कॅपिटल, एखादा अंक, एखादे चिन्ह आहे का. त्यामुळे 'पासवर्ड' हाच इंग्रजी शब्द घेऊन, त्याचे पहिले अक्षर कॅपिटल करून, 'ए'च्या जागी ॲटचे चिन्ह बसवून शेवटी १ आणि उद्गारचिन्ह जोडले, तरी ती खुशाल हिरवी होते. आपण जिला युक्ती म्हणतो ती बहुतेकांना याच क्रमाने सुचते आणि पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅमना ती केव्हाच शिकवलेली असते. असले नियम रुळवणारी मार्गदर्शिका २००३ मध्ये लिहिणारे अमेरिकेतील बिल बर्र यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. तोवर जगाची बोटे त्या उद्गारचिन्हाला सरावली होती.

फायली ऑनलाइन साठवण्याची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले पासवर्डच्या मोजमापाचे साधन अधिक खडूस आहे आणि म्हणूनच मला आवडते. त्याचे नाव 'झेडएक्ससीव्हीबीएन', म्हणजे कीबोर्डच्या खालच्या ओळीतील शेजारशेजारची अक्षरे. वाईट पासवर्डचा नमुनाच त्याने नाव म्हणून मिरवला आहे. ते चिन्हे मोजत बसत नाही. शब्दकोशातले शब्द, माणसांची नावे, तारखा, कीबोर्डवरच्या सरळ रेषा आणि अक्षरांऐवजी घातलेले अंक ओळखून, किती प्रयत्नांत हा पासवर्ड सापडेल याचा ते अंदाज बांधते आणि शून्य ते चार असे गुण देते. माझ्या अत्यंत अभिमानाच्या पासवर्डच्या धर्तीवर रचलेल्या एका नमुन्याला त्याने एक गुण दिला. (खरा पासवर्ड अनोळखी चौकटीत टंकण्याइतका मी भोळा नाही.)

सूड म्हणून मी एक साधा मराठी शब्द रोमन लिपीत टंकला, तर गुण लगेच वाढले! त्याचे मूळ शब्दकोश इंग्रजी असल्यामुळे आपला रोजचा शब्द त्याला निरर्थक अक्षरांचा ढीग वाटला. क्षणभर हर्ष झाला. मग पासवर्ड चोरणाऱ्यालाही मराठी येत असेल, हे लक्षात आले आणि मी तो शब्द पुसला.