दुधाच्या हिशेबातली २६ जुलै

रविवार, रात्री

माळा आवरायला काढला होता, पण आईच्या जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा हाती लागला आणि दुपार तिथेच गेली. वर्ष संपलं तरी ती कालनिर्णय रद्दीत देत नसे. मागच्या पाककृती कापून ठेवायच्या असत, म्हणे. कापलेली एकही दिसली नाही!

तारखांच्या चौकटींत तिचा सगळा संसार आहे. 'दू. २', 'दू. १॥', 'गॅस लावला', 'इस्त्री १४', 'बाईंचा खाडा'. मध्येच एका चतुर्थीला 'माई आली', पुढच्या आठवड्यात 'माई गेली'.

जुलै २००५ चं पान मुद्दाम शोधलं. २६ तारीख, मंगळवार. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईकरांना आता पाठ आहे. आईच्या चौकटीत तीनच शब्द: 'हे आले नाहीत.' २७ ला: 'दू. नाही. लाइट नाही. हे ४ वा. आले, चालत.' बाबा कुर्ल्याहून रुळांवरून डोंबिवलीला कसे आले, ते पुढे कितीतरी वर्षं सांगायचे आणि दर वेळी पाणी थोडं चढायचं. कमरेचं छातीपर्यंत गेलं, शेवटी शेवटी गळ्यापर्यंत. आईच्या नोंदीत पाण्याचा उल्लेखच नाही. पण 'आले नाहीत' लिहिताना बॉलपेन इतकं दाबलंय की मागच्या मजकुरावर अक्षरं उठली आहेत.

मी डायरी लिहून पाहिली आहे. दोन ओळी झाल्या की कुणीतरी खांद्यावरून वाचतंय असं वाटतं आणि वाक्यं नटूनथटून यायला लागतात. आईचा वाचक दूधवाला होता. महिनाअखेरीला त्याच्यासमोर अर्ध्या लिटरचाही घोळ चालत नसे. खोटं लिहायला तिला जागाच नव्हती.

कागदाचं फार कौतुक करण्यातही अर्थ नाही म्हणा. त्याच गठ्ठ्यात बाबांच्या ईसीजीची पट्टी निघाली, जवळजवळ कोरी. तो कागद उष्णतेवर छपाई होणारा, त्यावरचं उडून जातं. शेजारची झेरॉक्स मात्र स्वच्छ. माळ्यावर ओल आली होती तेव्हा जेल पेनच्या नोंदी पसरून निळे ढग झाले. बॉलपेनची शाई तेलकट, तिला काही झालं नाही. आमचं ऑर्कुट मात्र ना ओलीने गेलं ना वाळवीने. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंदच झालं. तिथल्या कॉलेजच्या आमच्या भांडणांतलं आता कुणाला धड काही आठवत नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. ती आता दादाकडे पुण्याला असते. "कशाला उकरत बसलीस? दे रद्दीवाल्याला," म्हणाली. मग जरा थांबून, "२००५ चं ठेव."

लेकीचं म्हणणं, फोटो काढू आणि गठ्ठा देऊन टाकू. फोटो काढ म्हटलं, गठ्ठा राहू दे. दाबलेलं बॉलपेन फोटोत येत नाही. तिने एकेक पान काढता काढता २०२० काढलं. आई तेव्हा आमच्याकडेच होती. २२ मार्चला 'थाळ्या', पुढे 'पेपर बंद', आणि बाईंच्या खाड्यांची तर रांगच. आमच्या घरात अशी ही शेवटचीच पानं. आता दूध ॲपवरून येतं, हिशेब परस्पर कापला जातो आणि भिंतीवरच्या चौकटी कोऱ्या राहतात.

लेकीने एप्रिलचं पान उलटून स्वतःचा वाढदिवस शोधला. त्या वर्षी ना मैत्रिणी, ना फुगे, त्यामुळे तिला तो फुकट गेला असंच वाटत आलंय. चौकटीत होतं: 'रव्याचा केक. दू. २॥'.

"वरचं अर्धा लिटर माझं," ती म्हणाली आणि आधी त्याचाच फोटो काढून आजीला पाठवला.