चष्म्याची काडी

ऑफिसात डबे उघडले आणि विषय निघाला लाडक्या बहिणींचा. "१५०० रुपये फुकटचे यायला लागले, आता खुरपायला बाई मिळत नाही. आयतं खायची सवय लागली." बोलणारा माझा जुना मित्र, आणि त्याच्या शेताची अडचण खोटी नाही. पण माझ्या घशाखाली घास उतरेना.

माझी मावशी बीड जिल्ह्यातली, ऊसतोड करणारी. वीस हंगाम तिने कोयता चालवला. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देतो ती जोडप्याला मिळून, आणि पैसे जातात काकांच्या हातात. म्हणजे अर्धा ऊस तिने तोडायचा आणि बांगड्यांसाठीसुद्धा हात पसरायचा. चष्म्याची काडी तुटली तेव्हा तिने दोरा बांधून तो कानाला गुंडाळला, दोन वर्षं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांचे ३००० रुपये खात्यात आले आणि ती एकटी तालुक्याला जाऊन नवा चष्मा करून आली. फोनवर म्हणाली, "कुणाला मागावं नाही लागलं गं." परावलंबी ती होतीच, ती घरात.

योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, हे मलाही खटकतं. दिलेलं उद्या काढूनही घेता येतं. हक्काचं तसं नसतं. बहात्तरच्या दुष्काळात आजीने खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. त्या दुष्काळी कामांतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. मी मित्राला त्याचीच पगाराची स्लिप दाखवली. महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ साली रोजगार हमीसाठीच लावला होता. शहरातला पगारदार गावातल्या मजुराचं काहीतरी देणं लागतो, हे तेव्हा सरकारने कायद्यात लिहिलं. तो गप्प झाला. पटलं असेल असं नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात मावशीचा पुन्हा फोन. लाडकी बहीणसाठी केवायसी करायची, तर नवऱ्याच्या आधारचा ओटीपी हवा. गुडघ्यामुळे ती यंदा घरी राहिलेली, काका कोल्हापूरकडे फडावर, मोबाईल त्यांच्याकडे. तीन दिवस ती सेतू केंद्राच्या पायरीवर बसत होती, चष्मा पदराने पुसत, काकांना रेंज यायची वाट बघत.