शोळिंगरला जाताय? शोळिंगर स्टेशनवर उतरू नका

शोळिंगर म्हणजे तमिळनाडूतलं, डोंगरावरच्या नरसिंहाच्या देवळाचं गाव. आधी मुद्द्याचं. शोळिंगर नावाचं रेल्वे स्टेशन शोळिंगरमध्ये नाहीये. ते आहे बाणावरमला, गावापासून 12-13 किलोमीटर लांब, आणि हे तिकीट काढताना कुणी सांगत नाही. मी अरक्कोणमहून काटपाडीकडे जाणारी पॅसेंजर पकडली, नाव बघून उतरलो, बाहेर येऊन डोंगर शोधतोय तर डोंगराचा पत्ताच नाही. बाहेर एकच रिक्षा, त्याने माझी सॅक बघितली आणि सहाशे सांगितले, घासाघीस करून चारशेवर आला, तेही उपकार केल्यासारखे. तमिळ येत नसेल तर भांडायचं तरी कशात? त्यापेक्षा अरक्कोणम नाहीतर तिरुत्तणीला उतरा आणि सरळ बस धरा, दोन्हीकडून तीसेक किलोमीटर आहे आणि बस थेट गावात सोडते. मुंबई-चेन्नई लाइन अरक्कोणमवरूनच जाते, त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्यांना तेच सोपं.

आता चढाई. मोठा डोंगर म्हणजे पेरियमलै, वर योगनरसिंह आणि अमृतवल्ली तायार म्हणजे लक्ष्मी, 108 दिव्यदेशांपैकी, म्हणजे विष्णूच्या पवित्र क्षेत्रांपैकी, एक. पायऱ्या 1305. सह्याद्रीत फिरणाऱ्याला दम लागेल पण काही होणार नाही, चप्पल मात्र खाली राहते, म्हणून उन्हं वर यायच्या आत चढा. 2024 पासून रोपवे पण आहे, आईवडील बरोबर असतील तर दुसरा विचार करूच नका.

खरा ताप माकडांचा. आपल्याकडे गडावरची माकडं निदान खाणं दिसल्यावर येतात, इथली नुसती पिशवी दिसली की येतात. माझ्यापुढच्या काकूंच्या हातातलं नारळाचं ताट गेलं, मागून एकाचा चष्मा गेला आणि मालक खाली उभा राहून माकडाला केळं दाखवतोय. हातात काहीही धरू नका, पाण्याची बाटलीसुद्धा सॅकच्या आत, चष्म्याला दोरी. खाली काठी मिळते ती घ्या, मारायला नाही, नुसती दिसायला. उतरताना जास्त सांभाळा कारण तेव्हा प्रसाद असतो आणि त्यांना ते बरोब्बर कळतं.

दर्शन छान झालं, गर्दी नव्हती. कार्तिगै या तमिळ महिन्यात म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास जाल तर विसरा, योगात बसलेला नरसिंह तेव्हा डोळे उघडतो अशी श्रद्धा आहे आणि सगळा मुलूख लोटतो. नीरा नरसिंहपूरवाल्यांनो, कुळदैवत म्हणून यायचं असेल तरी तो महिना टाळा.

छोटा डोंगर, चिन्नमलै, वेगळा आहे, त्याच्या आणखी 406 पायऱ्या आणि रोपवे नाही. वर शंखचक्र घेतलेला चतुर्भुज आंजनेय म्हणजे मारुती, तो काही रोज बघायला मिळत नाही, म्हणून पाय लटपटत होते तरी गेलो आणि एकदम भारी वाटलं. पण एकाच सकाळी दोन्ही करायचे असतील तर आधी मोठा, नंतर छोटा, मध्ये पोटभर इडली. उलटं केलंत तर मोठ्यावर रडाल.

परतीला तिरुत्तणीची बस घेतली. तिथे मुरुगनाचं म्हणजे कार्तिकेयाचं देऊळ आहे, 365 पायऱ्या, गाडीही वरपर्यंत जाते. मी खालूनच हात जोडले आणि स्टेशन गाठलं.