कॉक्सची वही: दुसरा हंगाम, अर्ध्यावर

मी कॉक्स, म्हणजे आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीच्या बोटीत (एटमध्ये) सुकाणू धरून सूचना देणारी. मागची नोंद मी जरा तोऱ्यातच लिहिली होती. बोट आता सरळ जाते, आवाज बसलाय, क्रू ऐकतो. तिन्ही खोटं होतं, पण खोटं आहे हे कळायला रेकॉर्डर लागला.

लाइफ जॅकेटच्या आतल्या खिशात छोटा रेकॉर्डर घालून मी एक अख्खं सत्र टेप केलं आणि रात्री ऐकायला बसले. दहा मिनिटांत बंद केलं. दुसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन पुन्हा बसले. आठ मिनिटांच्या एका पीसमध्ये (सलग वल्हवण्याच्या तुकड्यात) मी ‘गुड’ एकतीस वेळा म्हटलं होतं. काय गुड, कोणाचं गुड, पत्ता नाही. एकदा तर टेपवर सात नंबरचा (जागा पुढून मोजतात: एक म्हणजे बो, माझ्यासमोरचा आठवा म्हणजे स्ट्रोक) आवाज स्पष्ट ऐकू येतो, “कोण गुड?” आणि त्यावर मी पुन्हा “गुड!” म्हणते.

मग वहीत तीन रकाने पाडले. क्रूला दिसत नाही अशी माहिती (किती अंतर राहिलं, शेजारची बोट कुठे आहे, पुढे लाट आहे का). काय बदलायचं ते. आणि नुसता आरडाओरडा. तिसरा रकाना पान उलटून पुढे गेला. पहिल्यात चारच नोंदी. आठ जण पाठ पुढे करून बसलेले, पुढचं दिसणारी बोटीत मी एकटी, आणि नेमकं तेच मी सांगत नव्हते.

दुसऱ्या रकान्यात मोठी भानगड होती. मी “कॅच एकत्र!” (कॅच म्हणजे पातं पाण्यात शिरण्याचा क्षण) म्हणते आणि लगेच पुढच्या कॉलवर उडी मारते. बदल झाला की नाही हे बघायला थांबतच नाही. आता नियम असा: तांत्रिक कॉल दिला की तीन स्ट्रोक (वल्ह्याच्या तीन ओढी) तोंड बंद. तीन स्ट्रोकनंतर बदललं असेल तर तसं सांगायचं, नसेल तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत. पहिल्याच आठवड्यात कळलं की ‘कॅच एकत्र’ने काहीच होत नाही, कारण उशीर फक्त सहा नंबरचा होता. बाकीचे सात जण प्रामाणिकपणे आपापला कॅच हलवत होते आणि गोंधळ वाढवत होते. म्हणून नंबर घेऊन बोलायला लागले. सहाला राग आला. धक्क्यावर बोट पुसताना म्हणाला, “तू माझा नंबर घेतलास की बाकी सगळे खूश होतात.” खरंच होतं ते. आता आमचं ठरलंय: ज्याचं काही सांगायचं असेल त्याच्याशी आधी जमिनीवर बोलून घ्यायचं, आणि पाण्यात फक्त त्याची खुणेची दोन अक्षरं. सहासाठी ‘हात’. हात आधी बाहेर, मग शरीर, मग सीट, हे सगळं त्या दोन अक्षरांत.

मधे दोन आठवडे मला फोरवर (चौघांच्या बोटीवर) टाकलं होतं. बो-लोडर, म्हणजे कॉक्स पुढच्या टोकात उताणी, क्रू सगळा डोक्यामागे. आधी शिक्षा वाटली. कोणी दिसत नाही, पाती दिसत नाहीत, मग सांगायचं काय? तिसऱ्या दिवशी ऐकू यायला लागलं. फिनिशला (ओढ संपताना) वल्हं गेटमध्ये (ज्या खाचेत ते बसतं तिथे) फिरतं तेव्हा टक् वाजतं. चौघांचं एकत्र झालं तर एकच टक्. नाही तर जिन्यावरून डबा गडगडल्यासारखं. कॅच पाठीला कळतो. कोणी स्लाइडवर (सरकत्या सीटच्या रुळावर) घाईने पुढे आला की बोट अडखळते आणि तो धक्का थेट कमरेत बसतो. एटमध्ये परत आल्यावर सात दिवस मी मुद्दाम खाली बघून बसत होते, कान उघडे ठेवून. (सुकाणू वळवत असताना हे करू नका. सरळ, रिकाम्या पाण्यात, आणि तेही एका वेळी पाच स्ट्रोक.)

आता सुकाणू. इथे माझ्या डोक्यातली एक मोठी चूक निघाली, म्हणून सविस्तर लिहिते.

मला वाटायचं, बोट थोडी नागमोडी गेली की आपण जास्त अंतर कापतो आणि म्हणून हरतो. एका रात्री हिशेब केला. २००० मीटरभर बोट सतत २ अंश तिरकी चालली तरी जास्तीचं अंतर सव्वा मीटर. ५ अंश म्हणजे डोळ्यांना चांगलंच वाकडं, तरी साधारण साडेसात मीटर. एट सुमारे १८ मीटर लांब असते, म्हणजे अर्ध्या बोटीहून कमी. तर मग कशाने हरतो? सुकाणूनेच. ते पाण्यात आडवं झालं की ब्रेक लागतो, आणि बोट एका बाजूला कलते. कलली की एका बाजूची पाती पाण्याला घासतात, दुसऱ्या बाजूच्यांना पाणीच सापडत नाही. मी वाकडी जाऊन हरत नव्हते, सरळ करायच्या नादात हरत होते.

आणि सरळ करताना मी घाई करायचे. सुकाणू मागे असतं, बोट मधल्या भागाभोवती वळते, त्यामुळे पुढचं टोक वळलेलं दिसायला एक-दोन स्ट्रोक जातात. मी तेवढ्यात “वळत नाही” म्हणून आणखी ओढायचे, मग बोट जास्त वळायची, मग उलट ओढायचे. तीच ती नागमोड. उपाय कंटाळवाणा आहे: दोन्ही मुठी बोटीच्या कडांवर घट्ट टेकवलेल्या, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला शरीर हिंदकळतं तेव्हा सुकाणूची दोरी आपोआप ओढली जात नाही. पाती पाण्यात असताना किंचित दाब, रिकव्हरीत (पाती बाहेर असताना) मध्यावर. मग दोन स्ट्रोक वाट. लेनच्या शर्यतीत समोर स्ट्रोकचं डोकंच दिसतं, म्हणून नजर दोन्हीकडच्या बोयांच्या (लेन आखणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) रांगांवर. दोन्ही बाजूंच्या पात्यांपासून अंतर सारखं आहे ना, एवढंच.

नदीच्या वळणावर मात्र हिशेब उलटा. ९० अंशांचं वळण आपण शेजारच्या बोटीपेक्षा एक लेन, म्हणजे १३.५ मीटर, बाहेरून घेतलं तर जास्तीचं अंतर २१ मीटर होतं. बोटीच्या लांबीपेक्षा जास्त! तिथे सुकाणू कंजूषपणे वापरायचं नाही. वळणाच्या बऱ्याच आधी आतली जागा धरायची, बाहेरच्या बाजूला जास्त जोर मागायचा, आणि ते कोणत्या स्ट्रोकपासून हे तीन स्ट्रोक आधी सांगायचं. ऐन वळणात “बो साइड (बोटीची उजवी बाजू) जोर!” ओरडलं की चार माणसं दचकतात फक्त.

वजनाबद्दल थोडं, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. आंतरराष्ट्रीय नियमात कॉक्सचं किमान वजन ५५ किलो. मी ५१, म्हणून चार किलोची वाळूची पिशवी शेजारी. म्हणजे उपाशी राहून माझा फायदा शून्य. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डच जोडीने आपला कॉक्स जड वाटला म्हणून ऐन वेळी एक फ्रेंच मुलगा बसवला आणि जिंकले. तो मुलगा कोण होता हे आजही नक्की कळलेलं नाही. ते दिवस गेले. २०१७ पासून कॉक्स स्त्री की पुरुष हेही बंधन नाही. ब्रिटनच्या हेन्री फील्डमनने टोकियोत पुरुषांच्या एटमध्ये आणि पॅरिसमध्ये स्त्रियांच्या एटमध्ये कांस्य मिळवलं. मी पुरुषांच्या क्रूची कॉक्स आहे हे ऐकून भुवया उंचावणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

आता ती शर्यत. लिहायची नव्हती, पण वही आहे.

पंधराशे मीटरपर्यंत आम्ही दुसरे होतो, पहिली बोट तीन सीट (तीन माणसांच्या जागा) पुढे. मी तिची माणसं मोजण्यात गुंतले, “चौथ्यापर्यंत आलो, तिसरा दिसतोय,” आणि त्या भरात पंधराशेचा फलक हुकवला. मग काठावर काहीतरी लाल दिसलं. शेवटच्या २५० मीटरचे बोये लाल असतात हे डोक्यात होतंच. मी ओरडले, “शेवटचे अडीचशे! रेट वर!” रेट (मिनिटाला स्ट्रोक) ३४ वरून ३८ वर गेला, बोट उडाली, आम्ही त्यांच्या बरोबरीला आलो. मग खरे लाल बोये आले. तेव्हा क्रूमध्ये काहीच उरलं नव्हतं. चौथे आलो.

परत वल्हवत येताना कोणी बोललं नाही. बोट रॅकवर ठेवल्यावर स्ट्रोकने फक्त विचारलं, “तू मोजत होतीस, की तुला वाटलं?”

वाटलं होतं. कॉक्सबॉक्सवर (माझा आवाज मोठा करणाऱ्या आणि स्ट्रोक मोजणाऱ्या यंत्रावर) स्ट्रोकचा आकडा माझ्या गुडघ्यांसमोर लुकलुकत होता आणि मी तो बघितलाच नव्हता. आमच्या वेगाला २००० मीटरला साधारण २२० स्ट्रोक लागतात, एका स्ट्रोकला ९ मीटर. पाचशेला ५५, अडीचशेला २८. हे आता पाठ आहे. सरावात फलक न बघता फक्त आकड्यावरून अंतर सांगते आणि मग फलकाशी ताडते. सध्या पाचशेला दोन-तीन स्ट्रोकची चूक येते. वारा समोरून असेल तर जास्त, कारण स्ट्रोकमागे मीटर कमी मिळतात. त्याचा वेगळा तक्ता करतेय.

शर्यतीनंतरच्या पहिल्या सत्रात एक वाक्य मी क्रूसमोर म्हटलं: नक्की माहीत नसेल तर अंतर सांगणार नाही. यावर बो म्हणाला, “आणि नक्की असेल तेव्हा नक्कीच्या आवाजात सांग, प्रत्येक वेळी आग लागल्यासारखं नको.” तेही लिहून घेतलं. टेपवर माझा आवाज पहिल्या मिनिटाला जेवढा चढलेला असतो तेवढाच शेवटच्या मिनिटालाही, मग शेवटी वर जायला जागाच राहत नाही. आता हजार मीटरपर्यंत बोलल्यासारखं बोलते. कॉक्सबॉक्स आहे, स्पीकर आहे, ओरडायचं कशाला?

स्टार्टचं काम अजून कच्चं आहे. आडवा वारा असला की बोटीचं नाक (पुढचं टोक) वाहून जातं आणि मी बो आणि दोनला उशिरा सांगते. बोचं वल्हं दोनच्या हातात देऊन हलके टॅप घेतले की नाक झटपट बाजूला सरकतं, हे माहीत आहे. पण दिवा लाल व्हायच्या आधी ते संपवायला जमत नाही. पुढचे तीन आठवडे त्यावरच.

काल २००० चा पूर्ण सराव होता. “शेवटचे अडीचशे” म्हटलं. स्ट्रोकने मान किंचित वळवून शेजारच्या बोयाचा रंग बघितला, मग रेट वाढवला.