गोळी चावायची कुणी?

'बाइट द बुलेट', शब्दशः बंदुकीची गोळी चावणं, हा इंग्रजी वाक्प्रचार आमच्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर हमखास कानावर पडतं. वडील गुडघ्याचं ऑपरेशन वर्षानुवर्षं पुढे ढकलत आलेले असतात आणि एकदाचे तयार होतात, तेव्हा मुलगा म्हणतो, "बाबांनी शेवटी बाइट द बुलेट केलं." हा वापर अगदी चोख. टाळत आलेलं नकोसं काम मन घट्ट करून उरकून टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे यामागची गोष्ट मला पुष्कळांनी ऐकवली आहे. भूल नव्हती तेव्हा सैनिकाच्या दातांत शिशाची गोळी देऊन पाय कापायचे म्हणे. अमेरिकेच्या यादवी युद्धाचं नाव त्यात हटकून येतं. पण ते युद्ध १८६१ ते १८६५ मधलं. बॉस्टनला ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली १८४६ मध्ये, एडिंबराला डॉक्टर सिम्प्सनने भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरलं १८४७ मध्ये. त्या युद्धातल्या बहुतेक शस्त्रक्रिया भूल देऊनच झाल्या.

गोळी चावण्याची जुनी नोंद भलतीकडेच आहे: फ्रान्सिस ग्रोसच्या इंग्रजी बोलीभाषेच्या कोशात, १७९६ च्या आवृत्तीत, 'नाइटिंगेल' या शब्दाखाली. फटके खाताना ओरडणारा सैनिक म्हणजे नाइटिंगेल. काही पलटणींतल्या ग्रेनेडियर म्हणवणाऱ्या निवडक सैनिकांना ओरडणं कमीपणाचं वाटे, म्हणून नऊ पदरी चाबूक पाठीवर पडत असताना ते गोळी चावत राहत.

म्हणजे ही शिक्षेची गोष्ट, उपचाराची नव्हे. म्हणूनच स्वतःपुरतं कुणी हे खुशाल म्हणावं, पण दुसऱ्याच्या दुखण्यावर म्हटलेलं मला खपत नाही. सिझेरियन झालेली मुलगी कूस बदलताना कॉटचा दांडा बोटं पांढरी पडेपर्यंत आवळते. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, असं विचारलं की आधी सासूबाईंकडे बघते, मग म्हणते, "थोडंसंच." सासूबाई म्हणतात, "बाईच्या जातीला सोसावंच लागतं." तिथे मी वाद घालत नाही, आधी वेदनाशामकाचा डोस वेळेवर गेलाय का ते बघते. दुखणं दाबून धरलं की खोल श्वास घेववत नाही, खोकता येत नाही, कफ साचतो. उठून चालायला उशीर झाला की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

घरचं कुणी ऑपरेशननंतर पडून असेल तर नुसतं "दुखतंय का?" विचारू नका, "जरा खोकून दाखव" म्हणा. खोकताना चेहरा पिळवटला तर नर्सला बोलवा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.