शिकागोहून ओर्कांगरला परतलेलं लाकडी घर

१८९३ चं शिकागो आपल्याला विवेकानंदांच्या भाषणामुळे माहीत आहे. ती धर्मपरिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, त्यातल्या बहुतेक इमारती लाकूड-लोखंडाच्या सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाचा गिलावा चढवून उभ्या केल्या होत्या. पुढच्याच वर्षी आगीत त्यातल्या बऱ्याच गेल्या. नॉर्वेचा मंडप मात्र टिकला, कारण तो मुळात सुटा करता येईल असाच बांधला होता.

वाल्डेमार हान्स्टीन यांच्या आराखड्यावरून थाम्स यांच्या कारखान्याने तो ओर्कांगरला घडवला. ओर्कांगर म्हणजे नॉर्वेतल्या ट्राँडहाइम शहराजवळचं छोटं गाव. जुन्या लाकडी चर्चच्या धर्तीवरची चढत्या टप्प्यांची छपरं, कण्यांच्या टोकांवर कोरलेली ड्रॅगनची मुंडकी. प्रदर्शन संपल्यावर तो विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाला गेला, १९३५ मध्ये ब्लू माउंड्सजवळच्या 'लिटल नॉर्वे' या संग्रहालयात. २०१२ मध्ये संग्रहालय बंद पडलं. ओर्कांगरच्या लोकांनी २०१५ मध्ये मंडप उतरवून घेतला, समुद्रमार्गे गावी आणला आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा उभा केला.

असं घर उतरवताना करवतीपेक्षा जास्त काम पडतं ते क्रमांकांचं. खडूचा आकडा पुसतो, कागदाची चिठ्ठी दमटपणाने गळून पडते. म्हणून पत्र्याची पट्टी, आणि तीही दर्शनी बाजूला नाही, आतल्या अंगाला. तोच आकडा नकाशावर हवा. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना, कुसवाला (लाकडाच्या टोकाला कोरलेल्या जिभेला) आणि सालीला (ती जीभ बसते त्या खाचेला), एकच खूण हवी, आणि फळीवर वरची बाजू कोणती हेही लिहायला हवं. शंभर वर्षांत प्रत्येक कुसू आपल्याच सालीत बसून बसून तिच्या मापाचं झालेलं असतं. शेजारच्या सालीत ते घट्ट होतं किंवा खुळखुळतं. बांधकामात जे शेवटी चढलं ते आधी उतरवायचं: छपरावरच्या लाकडी चिपा, मग फळ्या, वासे, तुळया, खांब.

गंजलेला खिळा चिमट्याने उपटला की फळीची कड फाटते. तो मागून पातळ पात्याने कापावा, डोकं पुढून ढकलून काढावं. घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते.

लाकूड प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं की आत घाम धरतं आणि बुरशी येते. थरांमध्ये दोन बोटं जाडीच्या सारख्या पट्ट्या द्याव्यात, त्याही एकाखाली एक, नाहीतर फळ्या वाकतात. सर्वांत आधी कुजतो तो तळाचा ओंडका, कारण खांबाच्या बुडाशी पाणी साचतं. कुजलेला भाग तेवढाच कापून त्याच जातीच्या लाकडाचा, गाभ्याचा तुकडा जोडावा. सगळा ओंडका बदलला तर खांबांच्या जुन्या खाचाही जातात.

नवा पाया मूळ कागदी मापाने घालू नये, असं माझं ठाम मत आहे. चौकट इतक्या वर्षांत तिरकी झालेली असते. उतरवण्याआधी तिचे दोन्ही कर्ण मोजून ठेवावेत आणि पाया त्यांना जुळवून घ्यावा. कागदी चौकोनावर जुनी तुळई बसवायला गेलं की कुणीतरी कुसू तासायला घेतं. तासलेलं कुसू पुन्हा भरत नाही.

ओर्कांगरला आज तो 'थाम्सपॅव्हिलियन' म्हणून उभा आहे, ज्या गावात पहिला सांधा ठोकला त्याच गावात.